एका बसणीला एकच बाण

आबा, काल दादानं पुन्हा ती अस्वलाची गोष्ट सांगितली. त्याच्या थोरल्या नातीला बघायला तासगावकडचे पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला, बोलायचं ते बोलून झालं, आणि आता उठावं की बसावं असं सगळ्यांना झालं, तेवढ्यात दादानं मांडी बदलली आणि माझ्याकडे हात केला. "ह्यो आमचा धाकटा. ह्येच्या नजरंची एक गंमत सांगतो बगा." मग तुम्ही सांगायचात तशीच्या तशी गोष्ट. तुम्ही थांबायचात तिथंच थांबून, पिल्लं दाखवताना तुमच्यासारखीच दोन बोटं वर करून. पाहुण्यांनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, आणि तुमच्यामागं ही गोष्ट दादानंच जपली. मी स्वतः ती आजवर एकदाही कुणाला सांगितलेली नाही. तुम्ही म्हणायचात, ह्याला मोठेपणा घ्यायची लाज वाटते. लाज वाटायची हे खरं आहे, पण ती मोठेपणाची नव्हे. ती कशाची ते सांगायला आज कागद घेऊन बसलोय.

दादाचा हेवा मला कधीपासून वाटतो हे आठवायला गेलो तर टोक सापडत नाही. तो चार वर्षांनी मोठा, म्हणजे मी आलो तेव्हा तुमचा खांदा आधीच त्यानं घेतलेला. तो पलटणीत भरती झाला तेव्हा तुम्ही त्याला पोचवायला ताकारीच्या ठेसनापर्यंत गेलात, आणि परत आल्यावर दोन दिवस कुणाशी धड बोलला नाहीत. लढाईची ती सगळी वर्षं मी घरी होतो. उसाला पाणी मी पाजलं, मोट मी हाकली, गुऱ्हाळाची चूल मी पेटवली. पण ब्रह्मदेशातून दादाचं पत्र आलं की मास्तरांना बोलावून तुम्ही ते दोनदा वाचून घ्यायचात, आणि तिसऱ्यांदा वाचायला मला सांगायचात. मी वाचायचो. 'धाकट्यास आशीर्वाद' एवढं माझ्या वाट्याला शेवटी असायचं. समोर असलेल्या माणसाचं पत्र येत नाही, आबा. त्याला दोनदा कोण ऐकणार?

माझं म्हणून एकच होतं, माझा तिरकमठा, धनुष्यबाण. तुमचे पलटणीतले एक दोस्त, पाटणच्या वरच्या डोंगरातले, दर साली गूळ न्यायला यायचे. तुम्ही त्यांना 'नाईक' म्हणायचात आणि ते तुम्हाला 'हवालदार'. आमच्या घरात त्यांना दुसरं नावच नव्हतं. पहिल्या लढाईत बसऱ्याला तुम्ही दोघांनी एका डब्यात खाल्लेलं. डोंगरात ते साहेबलोकांना आणि सरदारांना शिकारीला वाट दाखवायचे. त्यांनीच एका साली मला चिव्याच्या बांबूचा कमठा आणून दिला, वाखाची दोरी कशी वळायची ते शिकवलं. पाचटानं भरलेलं पोतं बांधावरच्या आंब्याला टांगून मी वर्षानुवर्षं नेम धरत बसलो. उसात कोल्हे शिरायचे, डुकरं शिरायची, आणि बंदुकीचा एक बार उडाला की सगळा मळा जागा व्हायचा. बाणाचं तसं नसतं. एकदा तिन्हीसांजेला तीस पावलांवरून मी पळता कोल्हा लोळवला. तो खांद्यावर टाकून, छाती काढून तुमच्यासमोर आणून ठेवला. तुम्ही पायानं तो उलटा केलात आणि म्हणालात, "कातडं कामाचं न्हाई. पुरून टाक, वास सुटंल." एवढंच. मी खड्डा खणला, पुरला, आणि आत जाऊन जेवलो नाही. आईला वाटलं माझं पोट दुखतंय. एका अर्थी दुखतच होतं.

लढाई संपली आणि दादा घरी आला. अंगापिंडानं धड आला, म्हणून आईनं गावदेवाला नारळ फोडले. पण तो माणूस वेगळाच होता. जेवताना भिंतीला पाठ लावून बसायचा. जिना वाजला तरी ताठ व्हायचा. डोळे लाल, कारण झोप नाही. मग यात्रेत ते झालं. पालखी निघाली आणि देवळामागं उखळीचे बार उडाले, आणि फौजेतून पदक घेऊन आलेला आपला दादा चार हात लांब उडी मारून एका बैलगाडीखाली पालथा पडला, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. पोरं हसली. मोठी माणसंही हसली. मीसुद्धा हसलो, आबा, तोंड फिरवून. तुम्ही मात्र धोतर सावरलंत आणि सगळ्या गावादेखत त्या गाडीखाली शिरलात, आणि त्याच्या शेजारी मातीत मांडी घालून बसलात. नुसते बसून राहिलात, पालखी पार वेशीबाहेर जाईपर्यंत. मी बाहेर उभा राहून तुमच्या दोघांच्या चपला सांभाळत होतो. माझ्या मनात तेव्हा काय आलं सांगू? मी पडलो असतो तर तुम्ही खाली आला असता का, एवढंच.

त्यानंतर चार दिवसांनी भिंतीवरची एकनळी बंदूक नाहीशी झाली. ती गोणपाटात गुंडाळून तुम्ही धान्याच्या कणगीमागं सरकवून ठेवलेली मी पाहिली होती. का ठेवली हे कळायला शहाणपण लागत नव्हतं, पण ते मला हवं तेव्हाच सुचतं.

शिमगा झाला आणि नाईक आले. गुऱ्हाळ शेवटाला आलेलं, काहिलीत रस उकळत होता, तुम्ही ओट्यावर बसून फेस बघत होतात. मी चुलीत पाचट सारत होतो, आणि दादा लांब लिंबाखाली. नाईक म्हणाले, "हवालदार, ह्या चैतात आस्वल काढायचं हाय. वाडीतला एक गडी मधाला गेल्याला, त्येचं तोंड पार फोडलंय. लय दिस म्हनत हुता की एकदा येतो. आता या. तीन परकारं हायत, तुमी म्हनाल तसं करू. हाका घालून रान उठवू, तुमी बंदूक घेऊन तोंडावर बसा. न्हाईतर झाडावर माळा बांधतो, वरनं बार टाका, अंगाला धक्का न्हाई. न्हाईतर जुन्या रीतीनं, वारुळापाशी भुईवर बसायचं, तिरकमठा घेऊन, पंधरा पावलांवर."

तुम्ही काहिलीकडं बघत राहिलात. मग म्हणालात, "जुन्या रीतीनं."

"बंदूक घरात आसून?"

"बंदूक नगं. आमी तिघं येतो." आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "कमठा नीट हाय का रं तुझा?"

आबा, तुमच्या त्या एका प्रश्नावर मी पंधरा दिवस जमिनीला पाय लावला नाही. पाचट सारता सारता हात भाजला तेही कळलं नाही. आबांनी बंदूक सोडली आणि कमठा धरला, आणि आपल्या घरात कमठा धरतो कोण? मी. म्हणजे कोल्ह्याच्या वेळी बोलला नाहीत, पण पाहिलं होतंत. आतल्या आत ठेवलं होतंत आणि आता वेळ आल्यावर काढलंत. असं सगळं मी माझं मीच जुळवलं. दोरी नवी वळली, लोहाराकडं बसून बाणांचे फाळ घडवून घेतले, बाण उन्हात फिरवून फिरवून सरळ केले. मध्येच तुम्ही म्हणालात, "दादालाबी जरा धरायला शिकीव. संगं हाय, तर येऊ दे त्येला." मी म्हटलं शिकवतो. मोठ्या मनानं म्हटलं. तेव्हा माझ्याकडे देण्यासारखं पुष्कळ आहे असं मला वाटत होतं.

शिकवायला घेतलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मला जे यायला सहा वर्षं लागली ते त्याला सहा दिवसांत यायला लागलं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ती ही. कमठा ओढताना कोपर वर धरायचं असतं, खांद्याच्या रेषेत. ते पडलं की दोरी ढिली होते आणि बाण मरतो. एवढी एक गोष्ट मी त्याला मुद्दाम सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं ती स्वतःच हुडकली, आणि उलट मलाच विचारलं, "कोपराचं आसंच आसतंय न्हवं?" मी म्हटलं, असतंय. पण एक मात्र मलाही दिसत होतं. कमठा ओढून धरला की त्याच्या हातांची थरथर थांबायची. तेवढा वेळ तो पूर्वीचा दादा दिसायचा. आंब्याखाली उभे राहून तुम्हीही ते बघत होतात. मला वाटलं, माझं शिकवणं बघताय.

पाडवा करून आपण निघालो. आईनं नाईकांच्या घरी द्यायला काकवीचं मडकं दिलं, तोंडाला फडकं बांधून. "डोंगरात त्यास्नी ग्वाड कुटलं मिळतंय," असं म्हणून ते तिनं माझ्या वळकटीतच बांधलं. कऱ्हाडपर्यंत आगगाडी, पाटणपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढं दिवसभर पायपीट. चढणीवर कुठंतरी ते मडकं तडकलं आणि माझी घोंगडी, धोतर, बंडी, सगळं काकवीनं माखलं. वाडीत पोचेस्तोवर माझ्यामागं मुंग्या आणि माश्यांची वरात. आपल्याकडं चैत्रात गुळाचा वास इतका नाकात भिनलेला असतो की तो वास आहे हेच कुणाला कळत नाही. तुम्हालाही कळलं नाही, दादालाही नाही. नाईकांना अंगणातूनच कळलं. कपाळाला हात लावून ते म्हणाले, "आवं, शिकारीला आलाय का आस्वलाला जेवाया बोलावलंय?" त्यांच्या घरची बायामाणसं पदर तोंडाला लावून हसली. दादाही हसला. लढाईवरून आल्यापासून मी त्याला प्रथमच हसताना पाहिलं, आणि तेही मला.

संध्याकाळी नाचणीची भाकरी खाताना नाईकांनी आपल्या डोंगरातली रीत सांगितली. पोरवाल्या मादीला बाण लावायचा नाही, ही एक. आणि एका बसणीला, म्हणजे एकदा दबा धरून बसायला, एकच बाण न्यायचा, ही दुसरी. मी विचारलं, चुकला तर? "म्हनूनच येक," ते म्हणाले. "दुसरा हाय म्हनलं की पयला नीट सुटत न्हाई. आन् येक बाण म्हंजी येक माणूस. बाकीच्यांनी हात मोकळं ठेवून मागं बसायचं. बाण कुणाच्या हातात द्यायचा ते आंगणातनं निघताना हवालदारांनी ठरवायचं."

पहाटे तांबडं फुटायच्या आत आपण अंगणात उभे होतो. माझ्या भात्यातला सगळ्यात सरळ बाण तुम्ही निवडलात, फाळावरून अंगठा फिरवलात. मी हात पुढं केला होता, आबा. तुम्ही बघितलं नसेल, अंधार होता. तुम्ही तो बाण दादाच्या हातात दिलात आणि माझ्या खांद्यावरचा माझा कमठा काढून त्याच्या खांद्याला लावलात.

मला वाटलं, काकवी. नक्कीच काकवी. मी तसाच वळलो. पळत ओढ्यावर गेलो, त्या थंडीत अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात बसलो, घोंगडी दगडावर आपटून आपटून धुतली, मातीनं अंग घासलं, आणि तसाच ओलाचिंब धावत मागं आलो. तुम्ही वाटेत थांबला होतात. मी धापा टाकत म्हटलं, "आबा, आता वास न्हाई. हुंगून बघा."

तुम्ही मला बाजूला घेतलंत. दादा आणि नाईक पुढं गेले होते. "तुझ्या वासाचं न्हाई रं ते," तुम्ही म्हणालात. "त्येला बाराचा आवाज सोसत न्हाई. म्हनून तर कमठा घेतला. येकदा कुठंतरी गप बसला, जनावराम्होरं हात थिर ठेवून बसला, तर माणसात यील म्हनून ह्यो खटाटोप. आस्वल मिळालं काय, न्हाई मिळालं काय."

"मग मला कशाला आनलं?"

"तू नसतास तर त्येला शिकवलं कुणी आसतं?" तुम्ही अगदी सरळ मनानं म्हणालात, आणि माझ्या ओल्या पाठीवर थाप मारून पुढं चालायला लागलात. म्हणजे ते पंधरा दिवस, तो 'कमठा नीट हाय का रं तुझा', ती काहिलीवरून माझ्याकडे वळलेली नजर, सगळं दादासाठी होतं. तुम्ही कमठा निवडलात तो त्याच्या कानांसाठी. मी त्या कमठ्याबरोबर आलेली दोरी होतो. तुमच्यामागून चालताना मला रडू आलं. अंग भिजलेलंच होतं, त्यामुळं कुणाला कळलं नाही.

करवंदीच्या जाळीला पाठ देऊन आपण बसलो. पुढं नाईक आणि दादा गुडघ्यावर, मागं तुम्ही आणि तुमच्या मागं मी. समोर पंधरा पावलांवर वारूळ, वारा आपल्या तोंडावर. थंडीनं माझे दात वाजत होते, ते मी घोंगडीचं टोक चावून धरलं होतं. उजाडायला लागलं आणि ते आलं. आधी आवाज आला. वारुळात तोंड खुपसून ते मुंग्या ओढतं तेव्हा लोहाराचा भाता फुटल्यासारखा आवाज होतो, त्यानं मला ते कळलं. मग काळे केस, खालवर हलणारे. दादानं कमठा उचलला आणि ओढला, अगदी शेवटपर्यंत, आणि त्याचे हात दगडासारखे स्थिर राहिले. तुम्ही श्वास धरलेला मला ऐकू आला. मी तुमचा चेहरा बाजूनं बघितला. आबा, तसा चेहरा तुम्ही माझ्यासाठी कधी केला नव्हता, आणि पुढंही केला नाहीत. आता बाण सुटणार, अस्वल पडणार, माझ्या कमठ्यानं, माझ्या बाणानं, आणि घरी जाऊन तुम्ही जन्मभर सांगणार की दादानं अस्वल मारलं.

मी खाकरलो. खोकला आला नव्हता. थंडीनं येऊ शकला असता, आणि पकडला गेलो तर तेच सांगायचं हेही मी त्या क्षणात ठरवलं होतं. मोठ्यानं खाकरलो, दोनदा.

अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. छातीवरचा पांढरा पट्टा दिसला. ते आपल्याकडं दोन पावलं आलं, नाईकांनी हातातले दोन दगड एकमेकांवर आपटले, आणि ते गुरकावून वळलं. वळताना त्याची पाठ आपल्याकडं झाली. त्या पाठीवर, केसांना घट्ट धरून, दोन पिल्लं बसलेली होती.

ते कारवीच्या झुडपांत दिसेनासं झालं. मग नाईक उठून माझ्याकडे आले. मला वाटलं आता मुस्काटात बसणार. त्यांनी माझ्यापुढं दोन्ही हात जोडले. "पोरं हुती पाठीवर. म्होरं बसून मला दिसली न्हाईत, आन् तुला मागनं दिसली? म्हनून खाकरलास व्हय रं?"

तुम्ही वळून माझ्याकडे बघत होतात. सगळं लक्ष माझ्यावर, फक्त माझ्यावर. त्या नजरेसाठी मी बावीस वर्षं थांबलो होतो.

मी म्हणालो, "व्हय."

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण पुढचं सगळं तुम्हीच सांगत आलात. त्या दिवशी दुपारी दादा ओढ्याकाठच्या खडकावर आडवा झाला आणि गाढ झोपला, पार उन्हं उतरेपर्यंत. तुम्ही त्याच्या उशाशी बसून लिंबाच्या डहाळीनं माश्या वारत होतात. मला जवळ बोलावून हळूच म्हणालात, "झोपला बघ. आन् तू पोरं वाचवलीस. माझं दोन्ही ल्योक लाखाचं." नाईकांकडची ती दुपार माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दुपार असायला हवी होती. पण डहाळी तुम्ही त्याच्यावरच फिरवत होतात, हे मी तेव्हाही बघून ठेवलं.

घरी आल्यावर गोष्ट गावभर झाली. शिकारीला जाऊन हात हलवत आलेल्या माणसाचं एवढं कौतुक आपल्या गावानं आधी कधी केलं नसेल. लग्नात, बारशात, चावडीवर तुम्ही सांगायचात, "माझ्या धाकट्याची नजर." लोक मला बघायला यायचे. माझ्या लग्नातसुद्धा सासऱ्यांना तुम्ही आधी हेच सांगितलंत. आणि मला, आबा, एका नव्याच माणसाचा हेवा वाटायला लागला. ज्यानं पिल्लं पाहिली त्याचा. तो माझंच नाव लावून तुमच्या मनात जाऊन बसला होता, आयत्या बिळावर नागोबा होऊन, आणि मी बाहेर तसाच उभा होतो, चपला सांभाळत. मला पिल्लं दिसलीच नव्हती. दिसायचा प्रश्नच नव्हता. मी अस्वलाकडे बघतच नव्हतो.

मी दादाच्या कोपराकडे बघत होतो. आणि आता हे लिहितोच, कारण यासाठीच बसलो होतो. मी खाकरायच्या आधी त्याचं कोपर खाली आलं होतं. हळूच, वीतभर. दोरी ढिली झाली होती आणि बाणाचं टोक जमिनीकडे वळलं होतं. कोपर पडलं की काय होतं हे त्याला पक्कं माहीत होतं. ते त्यानं स्वतः हुडकलं होतं. त्यानं पिल्लं पाहिली होती. नाईकांना दिसली नाहीत, तुम्ही अस्वलाकडं बघत असूनही तुम्हाला दिसली नाहीत, आणि त्या झोप उडालेल्या, बारानं गाडीखाली शिरणाऱ्या माणसानं ती पाहिली आणि हात न थरथरता कमठा उतरवला. ते दिसलं फक्त मला. जळत्या डोळ्यांनी त्याच्या पाठीत बघत बसलो होतो म्हणून दिसलं. मी ते त्या क्षणी बघितलं, पिल्लं न दिसताही तो रीत पाळतोय हे ओळखलं, त्याच क्षणी मला कळलं की तो आणखी मोठा होणार, आणि तरी खाकरलो. तरी म्हणण्यात अर्थ नाही. म्हणूनच खाकरलो.

नाईकांनी हात जोडले तेव्हा दादा माझ्याकडे बघत होता. त्यानं फक्त माझ्या 'व्हय'ची वाट बघितली. मग बाण माझ्या भात्यात परत ठेवला, कमठा माझ्या खांद्याला लावला आणि म्हणाला, "चल, आता घोंगडी वाळाया टाक." त्यानंतर तुमच्या हयातीत त्यानं एकदाही तोंड उघडलं नाही. तुम्ही गेलात, दहाव्याला नदीवर सगळे जमले होते, कुणीतरी म्हणालं की आता ती अस्वलाची गोष्ट कोण सांगणार. मी मान खाली घातली. आणि दादानं सांगायला सुरुवात केली. मला वाटलं, आता खरं सांगतो. आबा नाहीत, आता कशाला झाकेल? मी घाबरलो, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. त्यानं तुम्ही सांगायचात तसंच सांगितलं. दोन बोटं वर करून. माझ्या नजरेचं कौतुक करताना त्याचा आवाज भरून आला. त्याच्याजागी मी असतो तर पहिल्याच दिवशी अंगणात बोंब मारली असती. इतकं मोठं मन तुम्ही त्याला दिलंत आणि माझ्या वेळेला ते संपलं होतं की काय, असं मी त्या दिवशी नदीच्या घाटावर तुमच्या पिंडाकडे बघत मनात म्हणालो. कावळा शिवायला फार उशीर लागला होता. लोक कारणं शोधत होते.

दादाला आता ऐकू अगदी कमी येतं. यात्रेत बार उडाले तर तो हसून विचारतो, उडाले का? मघाशी पडवीत काठी टेकवत आला आणि माझ्यासमोर बसला. "कुणाला एवढं लिवतोयस?" मी मोठ्यानं सांगितलं, "आबांस्नी." दुसरा कुणी असता तर हसला असता. त्यानं मान डोलावली, थोडा वेळ अंगणात बघितलं. मग म्हणाला, "माझाबी नमस्कार लिव. म्हनावं, झोप चांगली लागतीया."

मी म्हणालो, "व्हय." तो समाधानानं उठून गेला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. घडी करून भात्यात ठेवीन, त्या एका बाणाशेजारी. तो अजून सरळ आहे. आणि कुठं टाकायचंच नाही म्हणून एवढं शेवटचं सांगतो. कागद संपलेला नाही, आबा. खाली चार बोटं जागा आहे, त्याच्या नमस्काराला पुष्कळ होईल एवढी. मी ती कोरी ठेवतोय.